सेन्सर कोणी बंद केला? प्रेसवरचा अपघात, मालकाची जबाबदारी आणि कामगाराचे अधिकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण परिसरात मोटारींचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात तुम्ही ठेकेदारामार्फत पॉवर प्रेस, म्हणजे साच्यात पत्रा दाबून कापणारे किंवा वाकवणारे यंत्र, चालवता. महिन्यापूर्वी शेजारच्या प्रेसवर तुमच्या सहकाऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. हात आत आला की प्रेस थांबवणारा सेन्सर त्यानेच बंद केला होता आणि म्हणून चूक त्याचीच आहे, असे कंपनीचे म्हणणे आहे. तुमच्या मशीनचाही सेन्सर बंद आहे. तुम्ही तो विषय काढलात तेव्हा ठेकेदाराने ‘जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको’ असे ऐकवले. अशा स्थितीत तुमचा अधिकार काय, आणि उद्या तुमच्याच हाताला इजा झाली तर दोष तुमच्यावर येईल का, हे तुम्ही विचारले आहे.

पुणे जिल्ह्यातल्या इंजिनीअरिंग कारखान्यांत मी सव्वीस वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले असून त्यातला मोठा भाग प्रेस शॉपमध्येच गेला. म्हणून उत्तराची सुरुवात कायद्याच्या कलमांऐवजी मशीनपासून करतो, कारण मशीन समजल्याशिवाय ‘चूक कोणाची’ हा प्रश्न सुटत नाही.

यांत्रिक प्रेसमध्ये फ्लायव्हीलची, म्हणजे फिरत्या जड चाकाची, गती पुढे जोडणारा क्लच मुख्यतः दोन प्रकारचा असतो. जुन्या आणि स्वस्त प्रेसना पिन क्लच किंवा की क्लच असतो. त्यात पायडल दाबले की फ्लायव्हीलमध्ये एक खीळ अडकते आणि मग पूर्ण फेरा झाल्याशिवाय रॅम, म्हणजे वर-खाली होणारा भाग, थांबत नाही. मध्येच कोणी ओरडले, बटण सोडले किंवा वीज तोडली, तरी निघालेला पंच, म्हणजे रॅमला लावलेला वरचा साचा, खाली येणारच. दुसरा प्रकार न्यूमॅटिक क्लच आणि ब्रेकचा. त्यात हवेचा दाब सोडला की ब्रेक लागतो आणि रॅम मध्यावरही थांबू शकतो. तुम्ही ज्याला सेन्सर म्हणता तो लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, फक्त दुसऱ्या प्रकारच्या प्रेसवर उपयोगी पडतो. पिन क्लचच्या प्रेसवर कर्टन लावलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. ऑडिटला आलेल्या पाहुण्यांना हिरवा दिवा दिसतो, पण एकदा स्ट्रोक, म्हणजे रॅमचा फेरा, सुटल्यावर तो कर्टन काहीही थांबवू शकत नाही. तेव्हा तुमच्या प्रेसचा क्लच कोणता आहे, हे आधी बघा. पिन क्लच असेल तर सेन्सर चालू आहे की बंद हा वाद जवळजवळ निरर्थक ठरतो. तिथे हात आत जाऊच शकणार नाही अशी पक्की जाळी, सरकवून माल देण्याची सोय किंवा बंदिस्त डाय (खालचा साचा) हाच खरा उपाय असतो. जाळीची फट सहा मिलिमीटरच्या आत ठेवली तर बोटाचे टोकही आत जात नाही, आणि हे काम कारखान्यातला साधा फॅब्रिकेटर करू शकतो.

क्लच न्यूमॅटिक असेल तर दुसरी गोष्ट बघा, ती म्हणजे कर्टन डायपासून किती अंतरावर बसवला आहे. पडदा तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत समजा ०.२ सेकंद लागतात. हिशेबासाठी हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरतात. म्हणजे तेवढ्या वेळात हात ४०० मिलिमीटर पुढे जातो, आणि बोट ओळखणारा बारीक किरणांचा कर्टनही निदान तितका लांब असायला हवा. कर्टन डायला खेटून बसवलेला असेल तर तो चालू असूनही बोट वाचणार नाही. शिवाय ब्रेकचे लायनिंग झिजते तसा थांबण्याचा वेळ वाढत जातो, त्यामुळे तो ठरावीक काळाने मोजून नोंदवावा लागतो. ही नोंद तुमच्या कारखान्यात कोण ठेवते, हे विचारून पाहा. उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

आता ‘सेन्सर त्यानेच बंद केला’ या दाव्याकडे येऊ. हा दावा तपासून पाहता येतो, आणि बहुतेक चौकशांत तो कोणी तपासत नाही. सेन्सर दोन प्रकारे बंद होतो. एक तर पॅनेलवरच्या किल्लीच्या स्विचने, नाहीतर पॅनेलच्या आत वायरचा छोटा तुकडा जोडून, ज्याला आपण जंपर म्हणतो. पहिल्या प्रकारात किल्ली कोणाकडे असते? डाय सेट करताना कर्टन अडथळा आणतो म्हणून सेटर किंवा सुपरवायझर ती फिरवतो आणि काम झाल्यावर परत फिरवून काढून घेणे हे त्याचे काम असते. किल्ली स्विचमध्येच अडकलेली राहिली, तर ती ऑपरेटरच्या हाती कोणी ठेवली हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या प्रकारात पॅनेलला कुलूप असते आणि त्याची किल्ली मेन्टेनन्सकडे. ठेकेदाराकडून रोजंदारीवर आलेला मुलगा कुलूपबंद पॅनेल उघडून योग्य टर्मिनलवर जंपर टाकतो, हे मला तरी पटत नाही. आणि शेजारच्याच, म्हणजे तुमच्या मशीनचाही सेन्सर बंद असेल, तर एका माणसाच्या बेफिकिरीची गोष्ट तिथेच संपते.

सेन्सर बंद का केले जातात, हे तुम्हाला सांगायला नको. तेलाची वाफ किंवा पट्टीचे निघालेले टोक किरण तोडते, मशीन उगाच थांबते आणि शिफ्टचा आकडा भरत नाही. साडेसात तासांत सहा हजार नग काढायचे म्हणजे साडेचार सेकंदांना एक, आणि जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हाताने ठेवायचा असेल तर सहा हजार वेळा हात पंचाखाली. जॉब लहान असला की चिमट्यात धरत नाही, म्हणून चिमटा बाजूला पडतो. दोन हातांची बटणे असलेल्या प्रेसवर एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली मी पाहिली आहे, आणि ती पाचर इतकी नीट तासलेली होती की ती घाईत केलेली नव्हती हे उघड दिसत होते. चांगल्या प्रतीच्या कंट्रोलमध्ये दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच पुढचा स्ट्रोक मिळतो. तिथे पाचर चालत नाही. साधे वायरिंग असेल तर चालते. म्हणजे पाचर ठोकणारा कामगार खरा, पण पाचर चालेल असे वायरिंग निवडणारा दुसराच कोणीतरी असतो.

इथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका प्रेसवर एका ऑपरेटरचा अंगठा चिरडला. मी अहवालात कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले, त्यावर वरिष्ठांची सही झाली आणि फाइल बंद झाली. आठ महिन्यांनी त्याच प्रेसवर दुसऱ्या ऑपरेटरच्या हाताला इजा झाली. या वेळी मी क्लच उघडायला लावला. खिळीची कड झिजून गोल झाली होती आणि तिची स्प्रिंग तुटलेली होती. पायडल एकदा दाबल्यावर प्रेस कधीकधी दोनदा मारत होता, म्हणजे डबल स्ट्रोक. पहिला ऑपरेटर हेच सांगत होता, आणि मी ते सबब म्हणून सोडून दिले होते. तेव्हापासून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मी चौकशीच्या शेवटी कधी लिहिला नाही. कोणी चौकशीच्या सुरुवातीलाच तो वापरला, तर मी आधी मशीन उघडायला सांगतो.

आता कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. जुन्या कायद्याखालचे नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, असे संहितेतच म्हटले आहे. त्यामुळे महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ चा उल्लेख तुमच्या कानावर येत राहील. मालकावरचे मूळ बंधन मात्र जुनेच आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने भोगवटादारावर, म्हणजे कंपनीच्या बाबतीत संचालकावर, कामगारांच्या सुरक्षिततेचे सर्वसाधारण कर्तव्य टाकले. आजच्या संहितेचे कलम ६ तेच आणखी स्पष्ट शब्दांत सांगते. इजा किंवा व्यवसायजन्य आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे ही नियोक्त्याची जबाबदारी आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे हेही याच कलमात आहे. सुरक्षिततेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. तुमच्या पगारातून सेफ्टी शूजचे पैसे कापले असतील, तर ती कपात बेकायदा आहे.

बुटांचा विषय निघाला म्हणून थोडे अवांतर. अनेक मालकांना वाटते की हेल्मेट, बूट आणि हातमोजे वाटले की आपली जबाबदारी संपली. प्रेसवरचे हातमोजे पत्र्याच्या धारेपासून वाचवतात, शंभर टनांच्या पंचापासून वाचवत नाहीत. ड्रिल मशीनवर तर हातमोजे घालणेच धोक्याचे असते, कारण फिरणारा ड्रिल मोज्याचे टोक पकडतो आणि बोटासकट ओढून घेतो. सुरक्षा साधने हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी यंत्राला संरक्षण, कामाची सुरक्षित पद्धत आणि प्रशिक्षण ही सगळी पायरी मालकाने चढलेली असावी लागते. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेताना कामगार हात पुढे करून उभे असतात. त्या रांगेत कापलेली बोटे किती आहेत, हे एखाद्या वर्षी तरी व्यवस्थापनाने मोजून पाहावे.

तुमची जबाबदारीही खरी आहे आणि ती टाळता येणार नाही. संहितेच्या कलम १३ नुसार कामगाराने स्वतःची आणि आपल्या कृतीचा परिणाम होणाऱ्या इतरांची वाजवी काळजी घ्यायची आहे, ठरवून दिलेली सुरक्षिततेची पद्धत पाळायची आहे, असुरक्षित स्थिती दिसली तर ती वरिष्ठांच्या निदर्शनास आणून द्यायची आहे, आणि सुरक्षेसाठी बसवलेल्या कोणत्याही साधनात जाणूनबुजून ढवळाढवळ करायची नाही. यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही स्वतः किल्ली फिरवलीत किंवा पाचर ठोकलीत, तर तुम्हालाही दंड होऊ शकतो. पण सेन्सर आधीच बंद होता, तुम्ही ते कळवले होते आणि तरीही तुम्हाला मशीनवर उभे केले गेले, तर चित्र पूर्ण बदलते. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका फरकात आहे, आणि तो फरक सिद्ध होतो कागदावर.

आता काम नाकारण्याबद्दल. इथे मला सावधपणे लिहावे लागते, कारण या बाबतीत बरीच चुकीची माहिती पसरलेली असते. ‘धोका वाटला तर काम थांबवण्याचा अधिकार आहे’ असे सरसकट शब्द आपल्या कायद्यात नाहीत. कलम १४ असे सांगते की, गंभीर इजा किंवा मृत्यूचा लगेचचा धोका आहे अशी वाजवी भीती कामगाराला वाटत असेल, तर तो ती थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत नियोक्त्याच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या, ज्याला संहिता निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता म्हणते, निदर्शनास आणू शकतो. नियोक्त्याला धोका पटला तर त्याने ताबडतोब उपाय करायचा. पटला नाही, तर त्याने स्वतः ते प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे, आणि निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. म्हणजे कायद्याने तुमच्या हातात दिलेले शस्त्र आहे ते कळवण्याचे. ‘मी काम करत नाही’ असे म्हणून निघून जाण्यापेक्षा ‘हे मशीन असुरक्षित आहे, दुरुस्त होईपर्यंत मला दुसरे काम द्या’ असे लिहून देणे कितीतरी अधिक भक्कम ठरते. पहिल्याला बेशिस्त म्हणता येते, दुसऱ्याला म्हणता येत नाही.

पत्र साधे असू द्या. तारीख, शिफ्ट, प्रेसचा क्रमांक, काय बिघडले आहे आणि काय हवे आहे, एवढेच लिहा. उदाहरणार्थ: ‘प्रेस क्रमांक अमुक याचा लाइट कर्टन अमुक तारखेपासून बंद आहे. त्यावर हाताने जॉब ठेवावा लागतो. याच प्रकारच्या शेजारील मशीनवर अमुक तारखेला अपघात झाला आहे. कर्टन चालू करून थांबण्याचा वेळ तपासून द्यावा, तोपर्यंत मला दुसरे काम द्यावे.’ आरोप, धमकी आणि राग यांतले काहीही त्यात नको. पत्र ठेकेदाराला देऊन थांबू नका. कंपनीच्या व्यवस्थापकाला द्या, सुरक्षा समिती असेल तर तिच्या कामगार प्रतिनिधीला द्या, आणि प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयाला पाठवा. पोच मिळत नसेल तर पोस्टाने रजिस्टर करा. शक्य असेल तर त्या ओळीतल्या चारपाच जणांनी मिळून सही करावी, कारण एकट्याला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणे जितके सोपे असते, तितके पाच जणांना म्हणणे सोपे नसते. नोकरीचा धोका यामुळे शून्य होतो असे मी म्हणणार नाही. ठेकेदाराचे कामगार किती सहज बदलले जातात हे मी जवळून पाहिले आहे. पण तक्रारीनंतर कामावरून काढले, तर तारखेचा कागद हाच तुमचा पहिला पुरावा असतो.

‘तू आमचा कामगार नाहीस, ठेकेदाराचा आहेस’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेलच. सुरक्षिततेच्या बाबतीत ते टिकत नाही. मशीन ज्याच्या छपराखाली उभे आहे आणि ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्या मशीनची जबाबदारी आहे, मग त्यावर उभा असलेला माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे याने फरक पडत नाही. जुन्या कायद्यातही ठेकेदारामार्फत लावलेला माणूस ‘कामगार’ या व्याख्येत स्पष्टपणे होता. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे गंभीर शारीरिक इजा झाली, तर संहितेनुसार एक वर्षापर्यंत कैद, किंवा २ लाख ते ४ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या दंडापैकी किमान निम्मी रक्कम जखमी कामगाराला किंवा मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

लहान कारखानदारांची बाजूही मला ठाऊक आहे, आणि ती सगळी बनवाबनवी नसते. मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या मालकाला नगामागे काही पैसे सुटतात, न्यूमॅटिक क्लचचा प्रेस घेणे त्याला झेपत नाही, आणि त्यातले कित्येक जण एकेकाळी स्वतःच प्रेसवर उभे असायचे. तरीही पक्की जाळी, मॅग्नेटचा चिमटा, जॉब घसरत जाण्यासाठी उतरती पट्टी आणि डाय बदलताना रॅमखाली ठेवायचा सेफ्टी ब्लॉक या गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या नसतात. ज्या मालकाने हे केले, त्याच्याकडे उत्पादन फारसे कमी झालेले मी पाहिले नाही. पहिले दोन आठवडे ओरड होते, मग हात सवयीचे होतात.

शेवटी तुमच्या सहकाऱ्याबद्दल, कारण त्याच्यासाठी वेळ सरकतो आहे. त्याचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर तो राज्य कामगार विम्यात येतो. कामावरच्या इजेसाठी हे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते, आधी अमुक महिने हप्ते भरलेले असावेत अशी अट नाही. ठेकेदाराने हप्ते भरले नसतील, तरी त्यामुळे कामगाराचा लाभ बुडत नाही. विमा महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. उपचार चालू असेपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो, आणि कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली हे ठरवते. कायद्याच्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के, आणि संपूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के असे आकडे दिलेले आहेत. रोजचा सरासरी पगार ६०० रुपये धरला, तर पूर्ण दर ५४० रुपये होतो आणि त्याच्या २० टक्के म्हणजे रोजचे १०८ रुपये, महिन्याला साधारण ३,२४० रुपये, आणि तेही आयुष्यभर. कंपनीने एकरकमी तीस-चाळीस हजार देऊन ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली असेल, तर आधी हा हिशेब करावा.

आणि ‘सेन्सर त्याने बंद केला’ या आरोपाचा या लाभावर काय परिणाम होतो? समजा, त्याने नियम मोडलाही. विम्याच्या कायद्यात अशी तरतूद आहे की नियम किंवा मालकाचा आदेश मोडून वागताना झालेली इजासुद्धा, ती कृती मालकाच्याच धंद्याच्या कामासाठी केलेली असेल, तर कामावरची इजा मानली जाते. नग काढण्यासाठी हात घालणारा माणूस मालकाच्याच कामासाठी हात घालतो. ज्यांचा पगार मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे ते विम्यात येत नाहीत, त्यांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र ‘संरक्षण जाणूनबुजून काढले’ हा बचाव मालक घेऊ शकतो, आणि मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल तर तोही चालत नाही.

त्याने आज करायचे काम एकच आहे. अपघाताच्या दिवशी त्याला खासगी रुग्णालयात नेले असेल, तर तिथल्या केसपेपरवर इजेचे कारण काय लिहिले आहे ते पाहावे. ‘घरी पडून’ किंवा ‘दारात हात सापडून’ असे लिहिलेले केसपेपर मी डझनाने पाहिले आहेत, आणि ते लिहायला सांगणारा माणूस बहुधा कामगाराच्या बरोबर गाडीत बसून आलेला असतो. तसे असेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन, अपघाताची तारीख, वेळ आणि प्रेसचा क्रमांक सांगून, नोंद दुरुस्त करण्याची विनंती करावी, त्या अर्जाची पोच घ्यावी आणि तीच प्रत विमा शाखा कार्यालयात अपघात अहवालाची चौकशी करताना जोडावी. अठ्ठेचाळीस तास किंवा त्याहून जास्त काळ काम करता येणार नाही अशा अपघाताची सूचना सरकारी यंत्रणेला देणे मालकावर बंधनकारक आहे. ती दिली गेली की नाही, हेही लेखी विचारावे. तुम्ही त्या शिफ्टला हजर असाल आणि सेन्सर आधीपासून बंद होता हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्या अर्जासोबत तुमचे दोन ओळींचे सहीचे निवेदन जोडा, आणि तुमच्या प्रेसच्या स्विचमध्ये किल्ली अडकलेली असेल, तर जमल्यास तिचा, तारीख दिसेल असा, एक फोटो काढून ठेवा.